औषध फुकट होते. मग बालके का मेली?

दुष्काळात माणसे मरतात तेव्हा धान्यच नव्हते असे सांगितले जाते. पुष्कळदा ते खोटे असते. धान्य कोठारात असते आणि कोठाराची किल्ली राज्यकर्त्यांच्या कनवटीला असते. साथीच्या रोगात बालके दगावतात तेव्हाही औषध नव्हते, पैसा नव्हता, यंत्रणा नव्हती अशी कारणे पुढे केली जातात. एचआयव्हीची बाधा मातेकडून बालकाला होते. ती रोखण्याच्या प्रयत्नांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास तपासला, तर या कारणांत तथ्य किती आणि लबाडी किती हे स्पष्ट होते. या इतिहासातील सर्वांत काळे पान दक्षिण आफ्रिकेत लिहिले गेले. ते गोऱ्यांच्या वर्णद्वेषी राजवटीने लिहिले नाही. ती राजवट उलथून टाकणाऱ्या पक्षाच्या सरकारने लिहिले. म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्याने ते टाळू नये, दोनदा वाचावे.

प्रथम वैद्यकशास्त्राने निर्विवाद ठरवलेल्या गोष्टी पाहाव्यात. बाधित मातेवर कोणताही उपचार झाला नाही, तर गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावर पाजताना तिच्या बालकाला बाधा होण्याचे प्रमाण शेकडा १५ ते ४५ असते. बाधित बालकाला औषध मिळाले नाही, तर अशा बालकांपैकी जवळजवळ निम्मी बालके दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. मातेला वेळेवर आणि अखंड औषध मिळाले, तर हेच बाधेचे प्रमाण शेकडा ५ च्या खाली येते. चांगल्या व्यवस्थेत ते एक-दोनवर येते. मानवजातीला ग्रासणाऱ्या रोगांत इतका खात्रीचा प्रतिबंध फार थोड्या रोगांना लाभला आहे. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ या एका वर्षात जगातील सुमारे १,२०,००० बालकांना नव्याने बाधा झाली आणि सुमारे ७५,००० बालके एड्सने मरण पावली. ही बालके कोणाच्या पोटी जन्मली, हे सांगण्यासाठी संशोधकाची गरज नाही. ती गरिबांच्या पोटी जन्मली.

१९९४ च्या फेब्रुवारीत अमेरिका आणि फ्रान्समधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. गरोदरपणात व प्रसूतीच्या वेळी मातेला आणि जन्मानंतर सहा आठवडे बालकाला एझेडटी हे औषध दिल्यास बाधेचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते, असे दिसले. श्रीमंत देशांनी ही पद्धत लगोलग स्वीकारली. गरीब देशांना मात्र उपचार इतका लांबलचक आणि महाग आहे की तो तुम्हांला परवडणार नाही, असे सांगण्यात आले. एवढ्यावर थांबले नाही. स्वस्त उपचार शोधण्याच्या नावाखाली आफ्रिका आणि आशियातील गर्भवतींवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत काही स्त्रियांना औषधाऐवजी निव्वळ बनावट गोळ्या देण्यात आल्या. ज्या स्त्रीला बॉस्टनमध्ये बनावट गोळी देणे गुन्हा ठरला असता, तिच्या आफ्रिकी बहिणीला ती देणे शास्त्रीय ठरले! १९९७ मध्ये अमेरिकेतीलच काही डॉक्टरांनी यावर कडाडून टीका केली आणि एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादिकेने या चाचण्यांची तुलना टस्कीगीच्या कुप्रसिद्ध प्रयोगाशी केली. चाचण्यांच्या समर्थकांचे म्हणणे असे होते की, तिथल्या स्त्रियांना नाहीतरी काहीच मिळत नव्हते. दारिद्र्य हा अन्याय असतो. या युक्तिवादाने त्यालाच नीतिनियमाचा दर्जा दिला.

१९९९ मध्ये युगांडातील चाचणीने परवडण्याचा प्रश्नच निकालात काढला. कळा सुरू झाल्यावर मातेला नेव्हिरापीनची एक गोळी आणि जन्मानंतर बहात्तर तासांच्या आत बालकाला त्याच औषधाचा एक डोस, एवढ्याने बाधेचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते हे सिद्ध झाले. २००० च्या जुलैमध्ये हे औषध बनवणाऱ्या जर्मन कंपनीने ते विकसनशील देशांना पाच वर्षे फुकट देऊ केले. औषध होते, सोपे होते आणि फुकट होते.

त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी दवाखान्यांत तपासलेल्या गर्भवतींपैकी २४.५ टक्के स्त्रिया बाधित आढळल्या होत्या. १९९० मध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. दर वर्षी सुमारे ७०,००० बालकांना मातेकडून बाधा होत होती. अशा वेळी अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी काय करावे? १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी संसदेत एझेडटी विषारी असल्याची शंका व्यक्त केली. पुढच्या वर्षी एड्स हा विषाणूमुळे होतच नाही असे म्हणणाऱ्या मंडळींना त्यांनी आपल्या सल्लागार मंडळात मानाने बसवले. आरोग्यमंत्री मान्टो शाबालाला-म्सिमांग पुढे लसूण, बीट आणि लिंबू यांचे गुण गाऊ लागल्या. फुकट मिळणारे नेव्हिरापीन सरकारने प्रत्येक प्रांतात दोन, म्हणजे नऊ प्रांतांत मिळून अठरा प्रायोगिक केंद्रांपुरते मर्यादित केले. सार्वजनिक रुग्णालयांतील प्रसूतींपैकी जेमतेम एक दशांश प्रसूती या केंद्रांच्या कक्षेत येत होत्या. उरलेल्या रुग्णालयांत डॉक्टर द्यायला तयार असला, माता मागत असली, तरी औषध देण्यास मनाई होती. खाजगी रुग्णालयात पैसे मोजणाऱ्या स्त्रीला मात्र तेच औषध बिनदिक्कत मिळत होते. वर्णद्वेषाचे कायदे रद्द झाले होते. दोन दारांची व्यवस्था शिल्लक होती.

सरकारचा बचाव लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे, कारण प्रत्येक देशातील सरकार हाच बचाव थोड्याफार फरकाने करते. औषध सुरक्षित आहे की नाही सांगता येत नाही. विषाणू औषधाला दाद देईनासा होईल. आईच्या दुधातून बाधा होणारच, मग औषधाचा उपयोग काय. आणि समुपदेशनाची यंत्रणा सर्वत्र नाही. पण औषधाला देशाच्याच औषध-नियंत्रण संस्थेने मान्यता दिलेली होती. औषधाला दाद न देणारा विषाणू हे भविष्यातले संकट होते, तर बालकाचा मृत्यू समोर उभा होता. दुधातून काही बालकांना बाधा होईल म्हणून प्रसूतीच्या वेळी वाचू शकणाऱ्या बालकांनाही सोडून द्यावे, हा तर्क अजब म्हटला पाहिजे. आणि यंत्रणेचे म्हणावे, तर केप टाऊनजवळच्या खयेलित्शा या कष्टकऱ्यांच्या वस्तीत १९९९ पासून मातांना औषध देण्याचा कार्यक्रम सुरू होता. पत्र्याच्या घरांच्या वस्तीत जे जमले, ते जिल्हा रुग्णालयांत जमणार नाही असे मंत्रालय म्हणत होते.

या अठरा केंद्रांच्या भिंती पाडल्या त्या 'ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन' या जनसंघटनेने. १० डिसेंबर १९९८ रोजी स्थापन झालेल्या या संघटनेचे नेते झॅकी अख्मत हे स्वतः बाधित होते आणि सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे सभासदही होते. सामान्य जनतेला सरकारी रुग्णालयात औषध मिळेपर्यंत आपणही घेणार नाही, असा निर्धार त्यांनी केला आणि प्रकृती ढासळत असतानाही तो वर्षानुवर्षे पाळला. नेल्सन मंडेला २००२ मध्ये त्यांच्या घरी जाऊन आले. सत्ताधारी पक्षाशी युती असलेल्या 'कोसाटू' या कामगार महासंघानेही या प्रश्नावर सरकारची पाठराखण केली नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये संघटनेने सरकारवर खटला भरला; डिसेंबरमध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला; सरकारने अपील केले; आणि ५ जुलै २००२ रोजी घटना न्यायालयाने सरकारचे निर्बंध घटनाबाह्य ठरवले. आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दक्षिण आफ्रिकेच्या घटनेच्या सत्ताविसाव्या कलमात आहे. उपलब्ध साधनांच्या मर्यादेत सरकारने वाजवी उपाय योजले पाहिजेत असे ते कलम सांगते. फुकट औषध कपाटात बंद ठेवणे हे कोणत्याही अर्थाने वाजवी नव्हते.

निकाल लागला तरी दिरंगाई संपली नाही. २००० ते २००५ या काळात सरकारने योग्य वेळी औषधे न दिल्यामुळे ३,३०,००० हून अधिक माणसे अकाली मेली आणि सुमारे ३५,००० बालके बाधित होऊन जन्मली, असा हिशेब हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. त्याच वर्षी म्बेकी पायउतार झाले. धोरण बदलल्यावर काय घडले? २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा आठवड्यांच्या बालकांतील बाधेचे प्रमाण २.७ टक्के आढळले. तोच देश, त्याच परिचारिका, त्याच माता. बदलले होते ते मंत्रालय.

डाव्या चळवळीतील काही मंडळींना म्बेकींविषयी आजही हळवा कोपरा आहे. दारिद्र्य हेच रोगाचे मूळ आहे असे ते म्हणत होते, औषध कंपन्यांच्या नफेखोरीवर बोट ठेवत होते, आफ्रिकी माणसाकडे तुच्छतेने पाहणाऱ्या पाश्चात्त्यांना सुनावत होते. मग त्यांचे चुकले कुठे, असा प्रश्न ही मंडळी करतात. त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. पाश्चात्त्य तुच्छता खरी होती. आफ्रिकी लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही, त्यामुळे ते औषधे वेळेवर घेऊ शकणार नाहीत, अशा अर्थाचे उद्गार २००१ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत विभागाच्या प्रमुखाने काढले होते. पुढे २००६ मध्ये अनेक पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा आफ्रिकेतील रुग्ण उत्तर अमेरिकेतील रुग्णांपेक्षा औषधे अधिक नियमितपणे घेतात असे निष्पन्न झाले! नफेखोरीही खरी होती. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांसाठी दहा-पंधरा हजार डॉलर मोजावे लागत होते. परंतु साम्राज्यवादाचा निषेध करून बालकाच्या तोंडातले औषध काढून घेणे याला साम्राज्यवादविरोध म्हणत नाहीत. दारिद्र्यामुळे रोग बळावतो हे मान्य केले, तर गरिबाला औषध आधी दिले पाहिजे. म्बेकींनी त्याच वाक्यातून त्याला औषध न देण्याचे समर्थन काढले.

खरा साम्राज्यवादविरोध कसा असतो तेही याच संघटनेने दाखवले. दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधे मिळवण्यासाठी केलेल्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. त्या खटल्यात ही संघटना सरकारच्या बाजूने उभी राहिली आणि २००१ च्या एप्रिलमध्ये कंपन्यांना तो मागे घ्यावा लागला. चारच महिन्यांनी हीच संघटना त्याच सरकारविरुद्ध न्यायालयात गेली. बालकाच्या जिवाच्या आड जो येईल त्याच्याशी तिचे भांडण होते. सरकार आपले की परके हा प्रश्न तिने दुय्यम मानला. पक्षनिष्ठा आणि तत्त्वनिष्ठा यांत फरक करण्याची वेळ प्रत्येक चळवळीवर येते. त्या वेळी गप्प बसणारे कार्यकर्ते पक्षाचेही भले करीत नाहीत.

या लढ्यात भारताचा वाटा मोठा आहे, आणि तो दानधर्माचा नव्हता. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी देण्याचे नाकारले. केवळ तयार करण्याच्या प्रक्रियेला संरक्षण दिले. त्या कायद्याच्या बळावर उभ्या राहिलेल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ च्या फेब्रुवारीत वर्षभराची औषधे ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि पाश्चात्त्य कंपन्यांचे भाव कोसळले. आफ्रिकेतील लक्षावधी माता आणि बालके आज जगली आहेत ती भारताच्या संसदेने केलेल्या एका कायद्यामुळे, हे विसरता कामा नये. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापोटी २००५ पासून तो कायदा बदलला. संसदेतील डाव्या पक्षांच्या रेट्यामुळे जुन्याच औषधाला नवा मुलामा देऊन पेटंट मिळवण्यास आळा घालणारी तरतूद त्यात राहिली. पण पूर्वीची मोकळीक गेली. सहा महिन्यांतून एकदा टोचायचे लेनाकापाविर हे नवे प्रतिबंधक औषध याचे ताजे उदाहरण आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील ज्या दोन हजारांहून अधिक तरुण स्त्रियांना ते दिले, त्यांच्यापैकी एकीलाही बाधा झाली नाही. बाळंतपणाच्या आगेमागे नव्याने बाधित होणाऱ्या मातांकडून बालकांना होणारी बाधा हे आजचे मोठे दुखणे आहे. त्यावर हे औषध वरदान ठरू शकते. अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत २८,००० डॉलरहून अधिक ठेवली गेली. भारतीय कंपन्या तेच २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देणार असल्याचे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झाले. मात्र ते मूळ कंपनीने परवानगी दिलेल्या १२० देशांतच. कोणत्या देशातल्या मातेला वाचण्याची मुभा आहे, याची यादी एका कंपनीच्या कचेरीत तयार होते!

मालकाचा भाव आणि राज्यकर्त्याचा हेका यांच्या जोडीला आता दात्याची लहर आली आहे. अमेरिकेने २००३ मध्ये सुरू केलेल्या एड्सविरोधी मदत कार्यक्रमाने असंख्य मातांना औषध पोहोचवले, हे कबूल केलेच पाहिजे. पण २०२५ च्या २० जानेवारीला नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत एका सहीनिशी गोठवली. नंतर जीवरक्षक सेवांना सूट दिल्याचे जाहीर झाले. तोवर अनेक ठिकाणी परिचारिकांना घरी पाठवले गेले होते आणि दवाखान्यांना टाळी लागली होती. गोळीला सूट मिळाली, गोळी देणारा हात मात्र काढून घेतला गेला. दक्षिण आफ्रिकेने दरम्यानच्या काळात आपल्या कार्यक्रमाचा बहुतांश खर्च स्वतः उचलायला सुरुवात केली होती. अमेरिकेचा वाटा १७ टक्क्यांच्या आसपास होता. त्यामुळे तिला धक्का बसला, पण ती कोसळली नाही. ज्या गरीब देशांचा कार्यक्रमच परक्या पैशावर उभा होता, त्यांची अवस्था सांगायला नको. उलट क्यूबाकडे पाहावे. वर्षानुवर्षांच्या आर्थिक नाकेबंदीत राहूनही मातेकडून बालकाला होणारी एचआयव्हीची आणि उपदंशाची बाधा संपुष्टात आणल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवणारा तो २०१५ मध्ये जगातील पहिला देश ठरला. तेथे प्रत्येक गर्भवतीची नोंद आणि तपासणी ही सरकारची जबाबदारी आहे. थायलंडने २०१६ मध्ये आणि श्रीलंकेने २०१९ मध्ये हे साध्य केले.

मग भारताचे काय? ज्या देशाने जगाला औषध पुरवले, त्या देशाला हा टप्पा अजून गाठता आलेला नाही. भारतातील बाधितांची संख्या सुमारे २५ लाख आहे आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. दर वर्षी सुमारे वीस हजार बाधित स्त्रियांना गरोदरपणी औषधांची गरज असते. वर्षाला होणाऱ्या कोट्यवधी बाळंतपणांत हा आकडा लहान आहे. औषध देशातच तयार होते. तरीही कुठे गर्भवती तपासणीपर्यंत पोहोचतच नाही, कुठे पोहोचली तरी निदानानंतर सासरच्या धाकाने दवाखाना सोडते, कुठे जन्मलेल्या बालकाची सहा आठवड्यांची तपासणी राहून जाते. ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या गर्भवतीची नोंद एका जिल्ह्यात, कोयता दुसऱ्या जिल्ह्यात आणि बाळंतपण तिसऱ्याच ठिकाणी. तिच्या मागे औषध कोण पाठवणार? २०१७ मध्ये लोपिनाविर या औषधाच्या, बालकांसाठी बनवलेल्या सिरपचा पुरवठा थकलेल्या देयकांमुळे खुंटला. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये औषधांच्या तुटवड्याविरुद्ध बाधितांना दिल्लीत महिनाभराहून अधिक काळ धरणे धरावे लागले. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने भेदभावाला बंदी घातली हे चांगले झाले. पण उपचार पुरवण्याच्या कलमात 'शक्य तितके' असे शब्द घातले आहेत. या दोन शब्दांत सरकारने स्वतःसाठी मागचे दार उघडे ठेवले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या मंत्र्यांनीही हेच म्हटले होते की, शक्य तितके चालू आहे. आणि शक्य म्हणजे अठरा केंद्रे!

आणखी एका ढोंगाचा समाचार घेतला पाहिजे. मातेकडून बालकाला, या शब्दयोजनेतच मातेकडे बोट दाखवले जाते. भारतातील बहुसंख्य बाधित गर्भवतींना बाधा नवऱ्याकडून झालेली असते. तरी तपासणी आधी तिची होते, निदान आधी तिचे होते आणि घराबाहेर तीच काढली जाते. भारताच्या कार्यक्रमाने दीर्घकाळ 'पालकांकडून बालकाला' असा शब्द वापरला तो याच विचाराने. पण कागदावरचा शब्द बदलून घरातला न्याय बदलत नाही. आरंभीच्या वर्षांत बालक वाचवण्यासाठी मातेला एक गोळी दिली जाई आणि बाळंतपणानंतर तिला मरायला मोकळे सोडले जाई. २०११ मध्ये मलावीसारख्या दरिद्री देशाने प्रत्येक बाधित गर्भवतीला जन्मभर औषध देण्याचे धोरण स्वीकारले, २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा पुरस्कार केला आणि त्यानंतर भारतानेही ते अंगीकारले. स्त्रीला स्वतःसाठी जगण्याचा हक्क आहे, तिचे मोल केवळ तिच्या उदरातील गर्भाइतके नाही, हे मान्य व्हायला एवढी वर्षे लागली.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना यातून करण्याजोगे काम भरपूर आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भवतींच्या तपासणीचे संच आणि औषधे आहेत की नाहीत, याची दरमहा चौकशी करणे. साखर कारखान्याच्या तळावर गर्भवतींची तपासणी आणि औषध यांची जबाबदारी आरोग्य खात्याकडून लेखी वदवून घेणे. आशा सेविकांच्या मानधनाच्या लढ्यात उभे राहणे, कारण मातेच्या दारात औषध घेऊन जाते ती तीच. बाधित स्त्रीला घराबाहेर काढणाऱ्या कुटुंबाला २०१७ चा कायदा समजावणे आणि गरज पडल्यास तो वापरणे. आणि कायद्यातील 'शक्य तितके' हे शब्द वगळण्यासाठी विधिमंडळात व संसदेत आवाज उठवणे. एखाद्या महापालिकेत किंवा राज्यात सत्ता मित्रपक्षाची असली, तरी यातला एकही प्रश्न मऊ करू नये. आपल्या माणसांचे सरकार आहे, जरा दमाने घ्या, असे खयेलित्शातल्या मातांनाही सांगितले जात होते. त्यांनी दमाने घेतले नाही.